पैसा होता, घोडं अडलं कुठे? बोत्स्वानाच्या एचआयव्ही कार्यक्रमाचा प्रकरण अभ्यास

जुलै २००० मध्ये आफ्रिकेतल्या बोत्स्वानाचं सरकार, गेट्स फाउंडेशन आणि मर्क या अमेरिकी औषध कंपनीचं फाउंडेशन यांच्यात एक करार झाला. दोन्ही देणगीदारांनी पाच वर्षांत प्रत्येकी ५ कोटी डॉलर द्यायचे आणि मर्कने शिवाय स्वतःची एचआयव्हीवरची औषधं फुकट पुरवायची, असं ठरलं. देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम १७ लाख. माणशी हिशेब मांडला तर एकट्या या कराराचेच साठेक डॉलर होतात. जानेवारी २००२ मध्ये सरकारने ‘मासा’ नावाने मोफत उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पहिल्या वर्षात १९,००० जणांना औषधं सुरू करायचं उद्दिष्ट होतं. वर्ष सरलं तेव्हा आकडा तीन-साडेतीन हजारांच्या घरात होता.

पैसा होता, औषध होतं, राष्ट्राध्यक्ष स्वतः मागे लागलेले होते. तरी गाडी हलेना. आंतरराष्ट्रीय मदतीवर बोलताना आपण बहुतेक वेळा ‘किती कोटी’ एवढंच विचारतो. बोत्स्वानाचं प्रकरण बघावं ते याचसाठी, की इथे पैशाचा प्रश्न सगळ्यात आधी सुटला होता.

श्रीमंत, म्हणून एकाकी

बोत्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. डी बीअर्स या हिरे कंपनीबरोबर निम्म्या भागीदारीत उभ्या राहिलेल्या डेब्स्वाना कंपनीच्या उत्पन्नातून सरकारने रस्ते, शाळा, दवाखाने बांधले. १९९४ मध्ये हा देश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. त्या यादीतून बाहेर पडणारा तो पहिला देश. याचा तोटा असा झाला की ‘आता यांना आपली गरज नाही’ म्हणत अनेक दाते नव्वदच्या दशकात गाशा गुंडाळून निघाले. नेमकी त्याच काळात साथ फोफावत होती.

पहिला रुग्ण १९८५ मध्ये आढळला होता. १९९९ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटातले ३५.८ टक्के लोक बाधित होते. हा आकडा जगभर गाजला. तो गरोदर स्त्रियांच्या तपासण्यांवरून काढलेला होता. २००४ मध्ये घरोघरी जाऊन सर्वेक्षण झालं तेव्हा प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपास निघालं. म्हणजे आधीचा अंदाज बराच चढा होता. पण चारातला एक प्रौढ बाधित असणं म्हणजे काय, हे समजायला ३५ टक्क्यांची गरज नाही. नव्वदीच्या सुरुवातीला साठीच्या घरात असलेलं सरासरी आयुर्मान नवं शतक उजाडताना पन्नाशीच्या आसपास घसरलं होतं. राष्ट्राध्यक्ष फेस्टस मोगाए यांनी तर देश नामशेष होण्याच्या वाटेवर आहे, असं जाहीरपणे सांगून टाकलं. राष्ट्रप्रमुखांनी असं बोलायची तेव्हा रीत नव्हती. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष त्याच सुमारास एचआयव्हीमुळे एड्स होतो का, यावरच शंका घेत होते.

मोगाए अर्थशास्त्रज्ञ होते. राष्ट्रीय एड्स परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी आरोग्यमंत्र्यांवर न सोडता स्वतःकडे ठेवलं. माझ्या मते पुढच्या सगळ्या घडामोडींची किल्ली इथे आहे. कुठल्याही दात्याला वाटाघाटीसाठी बसायचं तर अर्थ, आरोग्य आणि स्थानिक प्रशासन या तिन्ही खात्यांवर अधिकार असलेला माणूस समोर होता.

कराराची रचना

मर्क-गेट्स निधीसाठी ‘एचॅप’ नावाची ना-नफा संस्था गॅबोरोन या राजधानीत स्थापन झाली. तिने स्वतःचे वेगळे दवाखाने काढले नाहीत. उपचार सरकारी रुग्णालयांतूनच द्यायचे, पगार मुख्यतः सरकारने द्यायचे आणि एचॅपने फटी बुजवायच्या, अशी वाटणी होती. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाशी सरकारची १९९६ पासून भागीदारी होतीच. तिच्यातून २००१ मध्ये गॅबोरोनला प्रयोगशाळा उभी राहिली आणि ‘कित्सो’ या नावाने डॉक्टर-परिचारिकांचं प्रशिक्षण सुरू झालं. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र १९९५ पासून क्षयरोगाच्या कामासाठी देशात होतं. त्यांच्या मदतीने २००० मध्ये ‘टेबेलोपेले’ ही स्वेच्छा तपासणी केंद्रं निघाली. सरकारी खर्चाने सगळ्यांना उपचार देणं झेपेल का, याचा अभ्यास २००१ मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने केला.

त्या वर्षी आफ्रिकेत असे उपचार चालतील यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. अमेरिकेच्या मदतसंस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी तर आफ्रिकेतल्या अनेकांना घड्याळाची वेळ कळत नाही, मग ते ठरल्या वेळी गोळ्या कशा घेतील, असा सूर लावला होता. बोत्स्वानाच्या रुग्णांनी पुढे गोळ्या नेमाने घेऊन या विधानाचं काय करायचं ते केलं.

फुकट औषधांबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. एचआयव्हीवर एका वेळी तीन औषधं लागतात. ‘मासा’च्या सुरुवातीच्या उपचारात झिडोवुडीन आणि लॅमिवुडीन ही दोन, आणि तिसरं एफाविरेन्झ किंवा नेव्हिरापिन. यातलं मर्कचं औषध म्हणजे एफाविरेन्झ. पण गर्भावर दुष्परिणाम होईल या भीतीने मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते तेव्हा टाळत, आणि रुग्णांमध्ये स्त्रियाच जास्त होत्या. त्यांना नेव्हिरापिन द्यावं लागे. म्हणजे देणगीत आलेलं औषध कामाचं होतं, पण ते घेऊ शकणारे रुग्ण कमी होते आणि उरलेली दोन-अडीच औषधं शेवटी विकतच घ्यायची होती.

पहिलं वर्ष

सुरुवात गॅबोरोनच्या प्रिन्सेस मरीना रुग्णालयात झाली. मग फ्रान्सिसटाउन, सेरोवे आणि माउन. एका रुग्णाला औषध सुरू व्हायला काय काय लागे ते बघा. आधी तपासणी. बाधित निघाल्यास नोंदणी, तिथे ओमांग हे राष्ट्रीय ओळखपत्र दाखवायचं. मग सीडी-४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी, मोजण्यासाठी रक्त द्यायचं. पेशी २०० च्या खाली असतील किंवा एड्सची लक्षणं असतील तर पुढची पायरी. नंतर समुपदेशनाच्या बैठका. तिथे एकट्याने येऊन भागत नसे, सोबत ‘मोपाती’ आणावा लागे. मोपाती म्हणजे रोज गोळी घेतली की नाही याकडे लक्ष ठेवणारा, घरातला किंवा ओळखीतला माणूस. याचा सरळ अर्थ असा की औषध हवं असेल तर निदान एकाला तरी आपला आजार सांगणं भाग होतं. त्यानंतर डॉक्टर, आणि मग औषधाची खिडकी.

या साखळीतल्या प्रत्येक कडीला माणूस लागतो, आणि माणसं नव्हती. देशात वैद्यकीय महाविद्यालयच नव्हतं. बोत्स्वाना विद्यापीठात ते २००९ मध्ये सुरू झालं. बहुतेक डॉक्टर परदेशातून आलेले. औषधनिर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, माहिती भरणारे कारकून, सगळ्यांचीच वानवा. सरकारी पद मंजूर व्हायला वेळ लागतो हे कुणाला नव्याने सांगायला नको. एचॅपचा पैसा सगळ्यात उपयोगी पडला तो इथे. सरकारी मंजुरी येईपर्यंत मधल्या काळातल्या माणसांचे पगार, दवाखान्याला जोडून चार खोल्या, फिरते प्रशिक्षक. असल्या खर्चाचे फोटो कुणी छापत नाही.

दुसरी अडचण रुग्णांच्या बाजूची. लोक येत होते, पण अगदी शेवटच्या टप्प्यात. मरीनामध्ये दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांमध्ये निम्म्याहून अधिकांच्या सीडी-४ पेशी शंभराच्याही बऱ्याच खाली होत्या. निरोगी माणसात त्या पाचशेच्या वर असतात. असा एक रुग्ण सांभाळायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात धडधाकट अवस्थेतले अनेक जण औषधावर येऊ शकतात. म्हणजे रांग लांबण्याचं कारण रांगेच्या आधीच घडून गेलेलं होतं. लोक तपासणीच करून घेत नव्हते.

विचारून की न विचारता

२००४ च्या जानेवारीपासून मोगाए सरकारने नियम बदलला. सरकारी दवाखान्यात कुठल्याही कारणाने आलेल्या माणसाची एचआयव्ही तपासणी नेहमीच्या तपासण्यांसोबतच होईल. नको असेल तर त्याने तसं सांगायचं. तोवर जगभर उलटा शिरस्ता होता. आधी सविस्तर समुपदेशन, मग स्पष्ट होकार, मग सुई.

मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी आवाज उठवला आणि तो अनाठायी नव्हता. पांढरा कोट घातलेल्या माणसाला ‘नको’ म्हणणं गावातल्या बाईला कितपत जमेल? २००४ च्या अखेरीस १,२६८ प्रौढांची पाहणी झाली. ८१ टक्के लोक या धोरणाच्या बाजूने होते. पण तपासणी झालेल्यांपैकी ६८ टक्क्यांना आपण नकार देऊ शकत नव्हतो असं वाटलं होतं. हे दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत. पहिलाच सांगून धोरणाचा जयजयकार करणारे आणि दुसराच सांगून त्याला जुलूम ठरवणारे, दोघेही अर्धी पाहणी खिशात ठेवतात.

उपचार उपलब्ध असताना आजार माहीत नसल्यामुळे मरणं हीही हक्काचीच पायमल्ली आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता. मला तो पटतो, पण औषध खरोखर मिळत असेल तरच. औषधाशिवाय अशी सरसकट तपासणी म्हणजे नुसती यादी करणं. बोत्स्वानाकडे औषध होतं. तपासण्या वाढल्या, लोक आधीच्या टप्प्यात येऊ लागले आणि २००८ संपेपर्यंत उपचारावरच्यांची संख्या लाखाच्या पुढे गेली. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणि यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाने आरोग्यसेवकांनीच पुढाकार घेऊन तपासणी करण्याच्या सूचना काढल्या. दात्यांनी देशाला शिकवायचं, हा नेहमीचा क्रम इथे उलटला.

डब्याचं दूध

या प्रकरणातला सगळ्यात कठीण भाग हा, आणि यशोगाथा लिहिणारे तो एका वाक्यात उरकतात.

आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचं काम १९९९ मध्ये गॅबोरोन आणि फ्रान्सिसटाउनला सुरू झालं आणि २००१ पर्यंत देशभर पोहोचलं. गरोदरपणात आईला औषध, आणि जन्मानंतर बाळाला वर्षभर सरकारकडून मोफत डब्याचं दूध. स्तनपानातून विषाणू जातो, हे सिद्ध झालेलं होतं. श्रीमंत देशांत बाधित मातांना अंगावर पाजू नका असंच सांगत. बोत्स्वानाला डबे परवडत होते, नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी होतं. मग श्रीमंत देशांसारखंच करावं, यात वावगं काही दिसत नव्हतं.

२००६ च्या सुरुवातीला अतोनात पाऊस झाला. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत लहान मुलांमध्ये जुलाबाचे रुग्ण तिपटीने वाढले आणि मृत्यू पंचवीसपट. सरकारने अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राला तपासासाठी बोलावलं. अंगावर न पिणं हा सगळ्यात मोठा धोका निघाला. रुग्णालयात दाखल झालेल्या ज्या बाळांचा अभ्यास झाला, त्यांतल्या बहुतेकांना एचआयव्ही नव्हताच. ज्या आजारापासून त्यांना वाचवायला डबा दिला होता त्यापासून ती वाचली होती.

चित्र असं उभं राहतं: रात्री बाळ रडतंय, पावसाने सरपण ओलं, पाणी उकळायला वेळ नाही, बाटली धुवायला तेच गढूळ पाणी. आणि आईने अंगावर पाजलं तर शेजारीण कुजबुजणार नाही, पण डबा दिसला की घरात काय आहे ते सगळ्यांना कळणार. डब्याचा अर्थ तोवर गावोगाव माहीत झाला होता.

या धोक्याची चाहूल संशोधनातून लागलेली होती. २००१ ते २००३ मध्ये बोत्स्वानातच १,२०० मातांवर ‘माशी’ नावाचा अभ्यास झाला होता. सातव्या महिन्यापर्यंत डब्याच्या दुधावरच्या बाळांमध्ये लागण कमी होती, ५.६ टक्के; स्तनपान करणाऱ्यांत ९ टक्के. पण मृत्यू उलट होते: डब्याच्या गटात ९.३ टक्के, स्तनपानाच्या गटात ४.९. दीड वर्षाचं मूल जिवंतही आहे आणि लागणही नाही, असा एकत्र निकष लावला तर दोन्ही गट जवळपास सारखेच. निकाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे पाऊस पडला त्याच वर्षी.

पुढचा अभ्यास ‘म्मा बाना’. यात ७३० बाधित मातांना गरोदरपणापासून तीन औषधांचा पूर्ण उपचार दिला आणि सहा महिने अंगावर पाजू दिलं. लागण झालेली बाळं १.१ टक्का. आईवर नीट उपचार केले की दूध सुरक्षित होतं, हे यातून दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये स्तनपानाबद्दलच्या सूचना बदलल्या त्यामागच्या पुराव्यांत हाही होता. डबे वाटण्याचा सल्ला चुकीच्या हेतूने दिलेला नव्हता. पण तो ज्या स्वयंपाकघराला धरून तयार झाला होता त्यात पाणी नेहमी स्वच्छ असतं. आंतरराष्ट्रीय मदतीतून इथे काय साधलं असं कुणी विचारलं तर मी डॉलरच्या आधी या दोन अभ्यासांचं नाव घेईन. दोन्ही हार्वर्डबरोबरच्या भागीदारीत, त्याच देशात, त्याच मातांबरोबर झाले.

ओमांग नसलेले

नोंदणीला ओळखपत्र लागे, म्हणजे कार्यक्रम नागरिकांपुरता होता. झिम्बाब्वेतून कामाला आलेले, दुक्वीच्या छावणीतले निर्वासित, तुरुंगातले परदेशी कैदी, यांना सरकारी औषध नव्हतं. आपल्या हिऱ्यांच्या पैशातून शेजाऱ्यांवर किती खर्च करायचा, हा सरकारचा प्रश्न समजण्यासारखा आहे. विषाणू मात्र ओळखपत्र बघत नाही. परदेशी कैद्यांच्या बाजूने उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल दिला, अपील न्यायालयाने तो २०१५ मध्ये कायम ठेवला आणि २०१९ मध्ये सरकारने सगळ्याच परदेशी रहिवाशांना मोफत उपचार खुले केले. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारी कलमंही त्याच वर्षी उच्च न्यायालयाने रद्द केली. या दोन्ही बाबतीत दात्यांच्या दडपणापेक्षा देशातल्या वकिलांचं आणि न्यायालयांचं काम मोठं आहे.

प्रतिबंधाच्या आघाडीवर यश तुटपुंजं राहिलं. पुरुषांच्या सुंतेची मोहीम २००९ मध्ये जोरात निघाली आणि उद्दिष्टापासून बरीच मागे राहिली. खरा फरक पडला तो उपचारांमुळेच, कारण औषधाने विषाणू दबला की लागणही थांबते. अमेरिकी निधीवर २०१३ ते २०१८ दरम्यान ३० गावांमध्ये झालेल्या ‘या त्सी’ या अभ्यासात घरोघरी तपासणी आणि लगेच उपचार मिळालेल्या गावांत नव्या लागणी सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळल्या. २०१६ मध्ये सीडी-४ ची अट गेली. बाधित निघाला की औषध सुरू. त्याच वर्षी डोल्युटेग्रॅव्हिर हे नवं औषध पहिल्या फळीत आणणारा बोत्स्वाना आफ्रिकेतला पहिला देश ठरला. २०२१ च्या सर्वेक्षणात बाधितांपैकी ९५ टक्के लोकांना आपली स्थिती माहीत होती, त्यातले ९८ टक्के औषधावर होते आणि त्यातल्या ९८ टक्क्यांचा विषाणू दबलेला होता. आईकडून होणाऱ्या लागणीच्या उच्चाटनाच्या वाटेवर असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र डिसेंबर २०२१ मध्ये मिळालं. साथीचा भार मोठा असलेल्या देशांत हे पहिलंच. जाता जाता: त्याच नोव्हेंबरात कोविडचा ओमिक्रॉन प्रकार ओळखणाऱ्या पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक ही गॅबोरोनची, एचआयव्हीसाठी बांधलेलीच होती.

दाते निघाले तेव्हा

या काळात एचआयव्हीवरच्या एकूण खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भार सरकार स्वतः उचलत होतं. आफ्रिकेत असं चित्र विरळा. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी रोखली तेव्हा बोत्स्वानातल्या गोळ्या थांबल्या नाहीत. सरकारी दवाखाना, सरकारी परिचारिका, सरकारी खरेदी, हे सगळं जागेवर होतं. धक्का बसला तो उरलेल्या एक तृतीयांशाला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि समलिंगी पुरुष यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या स्वयंसेवी संस्था, वस्तीत जाऊन तपासणी करणारे कार्यकर्ते, यांचा पगार परदेशातून येत होता. जे काम सरकारला राजकीयदृष्ट्या अडचणीचं वाटतं ते दात्यांवर सोपवायची सवय लागते. दाता गेला की आधी तेच काम बंद पडतं.

आणि मग दुसऱ्याच बाजूने भिंत खचली. हिऱ्यांचा बाजार बसला. प्रयोगशाळेत बनणाऱ्या स्वस्त हिऱ्यांनी मागणी खाल्ली, २०२४ मध्ये अर्थव्यवस्था आक्रसली. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारी रुग्णालयांत औषधांचा खडखडाट झाला. राष्ट्राध्यक्ष दुमा बोको यांनी सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली, २५ कोटी पुला (तिथलं चलन) इतका तातडीचा निधी मंजूर केला आणि औषधवाटपावर लष्कराची देखरेख बसवली. मध्यवर्ती औषध भांडाराच्या खरेदीत दर अवाच्या सवा लावले जात होते, हेही त्यांनी बोलून दाखवलं.

तुटवडा होता तो रक्तदाब, मधुमेह, दमा, कर्करोग, क्षयरोग अशा आजारांच्या औषधांचा. २००२ मध्ये तिशी-पस्तिशीत ‘मासा’त दाखल होऊन वाचलेली माणसं आता पन्नाशी ओलांडून साठीकडे निघाली आहेत. विषाणू दबलेला आहे, पण रक्तदाब आणि साखर वयाप्रमाणे वाढणारच. एचआयव्हीच्या औषधासाठी पंचवीस वर्षांत करार झाले, प्रयोगशाळा झाल्या, वेगळी नोंदणी झाली. त्याच रुग्णाला लागणारी रक्तदाबाची गोळी मात्र याच मध्यवर्ती भांडारातून यायची असते.